कान देऊन पाहायची चित्रे

माझ्या लिहिण्याच्या टेबलासमोर, भिंतीवर, गेली काही वर्षे एक पोस्टकार्ड टाचणीने लावलेले आहे. त्यावर काय आहे हे पहिल्या नजरेत ओळखणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. एका पाहुण्यांना ते ओल आलेले वाटले आणि त्यांनी पुसण्यासाठी रुमालही काढला. दुसऱ्या एका स्नेह्यांनी छपाई बिघडलेली दिसते, असे हळहळत सांगितले. आडव्या चौकटीत मधोमध एक अवाढव्य काळसर आकार पसरलेला आहे आणि त्याच्यावरून, त्याच्या आरपार, वरच्या कडेपासून खालच्या पाण्यापर्यंत सरळ, बारीक, दाट रेघा उतरलेल्या आहेत. थोडा वेळ पाहत राहिले की त्या आकाराचे झाड होते. आणखी थोड्या वेळाने झाडाखालचा दगडी बांध दिसू लागतो, बांधाच्या अलीकडचे पाणी दिसू लागते. एका कोपऱ्यात लहान चौकोनात काही ओळी आहेत. माणसाचा वावर जाणवत नाही. रंग म्हणाल तर एकच, आणि तोही अंधाराचा.

हे चित्र उतागावा हिरोशिगे या जपानी चित्रकाराचे आहे आणि ते १८३४च्या सुमाराचे आहे. नाव आहे ‘कारासाकी येथील रात्रीचा पाऊस’. जपानी लाकडी ठशांची चित्रे म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे होकुसाईची ती नखे काढलेली लाट येते, किंवा फुजीचा त्रिकोण येतो, किंवा चेरीच्या फुलांखालून चाललेल्या छत्र्या येतात. म्हणजे पाहण्यासारखे, नजर धरून ठेवणारे काहीतरी येते. कारासाकीच्या चित्रात पाहण्यासारखे जवळजवळ काहीच नाही. मला बराच काळ याचे कोडे पडले होते. रात्री पडणारा पाऊस मुळात दिसत नाही, तो ऐकू येतो. अंथरुणात पडल्या पडल्या कौलांवर, केळीच्या पानांवर, अंगणातल्या पत्र्यावर तो वेगवेगळा वाजतो आणि त्यावरूनच आपल्याला त्याचा जोर कळतो. मग जी गोष्ट डोळ्यांची नाहीच, तिचे चित्र काढावे असे कोणाला का वाटावे, आणि ते हजारोंनी छापून विकले जाईल असा भरवसा कोणत्या प्रकाशकाला का वाटावा?

याचे उत्तर चित्रात नाही, कोपऱ्यातल्या चौकोनात आहे. तिथे एकतीस अक्षरांची एक कविता आहे. तिचा मराठीत साधारण अर्थ असा लागतो: रात्रीच्या पावसाला आपला आवाज देऊन टाकून, संध्याकाळच्या वाऱ्याला परके करून, तरीही ज्याचे नाव गाजते आहे तो कारासाकीचा पाइन. अर्थ नीट उलगडायचा तर एक गोष्ट ठाऊक असावी लागते. जपानी कवितेत पाइन वृक्षाची कीर्ती त्याच्या रूपापेक्षा त्याच्या आवाजासाठी आहे. पाइनमधून वाहणाऱ्या वाऱ्याला ‘मात्सुकाझे’ असा स्वतंत्र शब्द आहे आणि शतकानुशतके कवी त्या आवाजात एकटेपणा ऐकत आलेले आहेत. आपल्याकडे पाइन नाही, पण कोकणातल्या कोणत्याही किनाऱ्यावर सुरूच्या बनात दुपारी बसलेल्या माणसाला तो आवाज समजावून सांगावा लागणार नाही. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ही दोन झाडे एकमेकांची कोणी लागत नसली तरी सुईसारख्या बारीक पानांतून गाळून येणारा वारा दोन्हीकडे तसाच हुंकारतो. तर कवितेतला पाइन आपला हा जन्मसिद्ध आवाज पावसाला देऊन टाकतो आणि स्वतः मुका होतो. चित्रातले झाड इतके काळे, इतके निश्चल, इतके गप्प का आहे, हे ती कविता वाचल्यावर मला कळले. ते गप्प झाड आहे. बोलतो आहे तो पाऊस.

त्यात आणखी एक पदर आहे. जपानीत ‘मात्सु’ म्हणजे पाइन आणि ‘मात्सु’ म्हणजेच वाट पाहणे. या श्लेषावर जपानी कवींनी जेवढे उत्पन्न काढले आहे तेवढे दुसऱ्या कोणत्या शब्दावर काढले असेल, असे मला वाटत नाही. नवव्या शतकातला आरिवारा नो युकिहिरा दूरच्या प्रांतात अधिकारी म्हणून निघताना म्हणतो की, इनाबाच्या शिखरावर उगवणाऱ्या पाइनप्रमाणे तू माझी वाट पाहत आहेस असे कानावर आले, तर मी तत्काळ परतेन. कानावर आले तर, असे तो म्हणतो. दिसले तर, असे म्हणत नाही. त्यामुळे कारासाकीच्या किनाऱ्यावर भर पावसात उभे असलेले हे झाड जपानी वाचकाच्या दृष्टीने केवळ उभे नसते. ते खोळंबलेले असते.

कारासाकी हे ठिकाण क्योतोजवळच्या बिवा सरोवराच्या काठी आहे. बिवा हे जपानमधले सर्वांत मोठे सरोवर, सुमारे ६७० चौरस किलोमीटरचे, आणि त्याभोवतीचा प्रांत म्हणजे जुने ओमी. या सरोवराकाठची आठ दृश्ये कवितेत ठरून गेलेली आहेत: इशियामाचा शरदातला चंद्र, हिराच्या डोंगरावरचे सांजवेळचे हिम, सेताच्या पुलावरची मावळती प्रभा, मिइदेरा मंदिराची सांजघंटा, याबासेला परतणारी शिडे, आवाझूचे निवळते आभाळ, काताताला उतरणारे रानहंस आणि कारासाकीचा रात्रीचा पाऊस. गंमत अशी की ही यादी ओमीची नाहीच. ती चीनची आहे. अकराव्या शतकात सोंग राजवटीतल्या सोंग दी या चित्रकार-अधिकाऱ्याने हुनान प्रांतातल्या शियाओ आणि शियांग या नद्यांच्या परिसराची आठ दृश्ये रंगवली, त्यांवर कविता झाल्या, झेन भिक्षूंबरोबर त्या जपानला पोहोचल्या, आणि ज्या जपानी लोकांनी शियांग नदी जन्मात पाहिली नव्हती त्यांनी तिचा रात्रीचा पाऊस, तिची सांजघंटा आणि तिचे रानहंस आपल्या घराजवळच्या सरोवराकाठी नेमून दिले. म्हणजे आधी पाऊस ठरला आणि मग त्याला पडायला जागा शोधली गेली. मला हा व्यवहार फार आवडतो. निसर्गाकडे आपण निरागसपणे पाहतो आणि मग त्यावर कविता करतो, हा आपला लाडका समज त्यात उलटा होतो.

या आठांपैकी दोन विषय उघडपणे कानाचे आहेत: घंटा आणि पाऊस. रानहंसांचा विषय निम्मा कानाचा आहे, कारण अंधारून आल्यावर उतरणारा थवा दिसण्याआधी ऐकू येतो. हिरोशिगेने मिइदेराची सांजघंटा काढली तेव्हा घंटा काढलीच नाही. डोंगराचा मोठा गडद उतार, पायथ्याशी झाडीत अर्धी बुडालेली मंदिराची छपरे आणि मधल्या भागात धुके, एवढेच त्याने काढले. जपानी मंदिराची घंटा आपल्या देवळातल्यासारखी नसते; तिला लोलक नसतो, टांगलेल्या लाकडी ओंडक्याने तिच्यावर बाहेरून टोला द्यावा लागतो, आणि मग निघालेला नाद कितीतरी वेळ कमी होत जातो. चित्रातले धुके जसे झाडांवरून सरकत विरळ होत जाते तसा. मला वाटते की त्या चित्रात धुके हाच नाद आहे. पण हे माझे वाटणे आहे, हिरोशिगेने तसे कुठे म्हटल्याचे नाही.

या आठ दृश्यांची सवय लोकांना किती मुरली होती याचा सर्वांत लोभस पुरावा हिरोशिगेच्या आधी, १७६६च्या सुमाराला, सुझुकी हारुनोबूने देऊन ठेवला आहे. त्याच्या मालिकेचे नाव ‘दिवाणखान्यातली आठ दृश्ये’. त्यात सरोवर नाही, डोंगर नाही, मंदिर नाही. घरातल्या बायकांची साधी कामे आहेत. कोतो वाद्याच्या तारांखाली तिरक्या ओळीत बसवलेल्या घोड्या म्हणजे उतरणारे रानहंस. आरशाचे गोल भिंग म्हणजे शरदातला चंद्र. घड्याळाचा टोल म्हणजे सांजघंटा. दांडीवर वाळत घातलेला पंचा म्हणजे परतणारे शीड. आणि रात्रीचा पाऊस? चहाच्या मांडणीवर उकळणारी किटली. किटलीतल्या पाण्याचा सूक्ष्म, अखंड आवाज म्हणजे बाहेर कुठेही पडत नसलेला पाऊस. यातही एक खोच अशी आहे की चहाच्या परंपरेत किटलीच्या या आवाजाला पूर्वीपासून ‘मात्सुकाझे’ म्हणतात, म्हणजे तोच पाइनमधला वारा. कारासाकीच्या झाडाने पावसाला दिलेला आवाज असा फिरत फिरत स्वयंपाकघराच्या शेजारी येऊन बसला. हारुनोबूचे चित्र पाहणाऱ्याला हे सारे एका क्षणात कळत असणार आणि तो गालात हसत असणार. आपल्याला मात्र त्यासाठी दोन परिच्छेद खर्च करावे लागतात.

येथे थोडे थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती सहसा नजरेआड राहते. जपानी चित्रांना हे अनेक रंगांचे वैभव आले ते व्यापाऱ्यांमुळे नव्हे, तर कवींच्या हौसेमुळे. त्या काळच्या चांद्र पंचांगात कोणता महिना तीस दिवसांचा आणि कोणता एकोणतीस दिवसांचा हे दरवर्षी बदलत असे, आणि ते दाखवणारी छोटी दिनदर्शिका-चित्रे नववर्षाला एकमेकांना भेट देण्याची पद्धत होती. १७६५ साली एदो शहरातल्या, म्हणजे आजच्या टोकियोतल्या, काव्यप्रेमी मंडळींमध्ये या चित्रांची चढाओढ लागली. महिन्यांचे आकडे किमोनोच्या नक्षीत किंवा ओढ्याच्या लहरींत लपवायचे आणि ज्याला सापडतील त्याने दाद द्यायची. पैशाकडे न पाहणाऱ्या या हौशींनी ठसे कोरणाऱ्यांना आणि छापणाऱ्यांना एकेका चित्रासाठी अनेक रंगांचे अनेक ठसे वापरायला लावले, आणि त्यातून ‘निशिकी-ए’ म्हणजे किनखापी चित्रांचा जन्म झाला. हारुनोबू त्या मंडळींचा आवडता चित्रकार. दिवाणखान्यातली आठ दृश्येही अशाच एका हौशी कवीने आधी खासगी रीतीने करवून घेतली होती. पुढे प्रकाशकांनी ते तंत्र उचलले आणि सोब्याच्या, म्हणजे जपानी शेवयांच्या, एक-दोन वाडग्यांच्या किमतीत रंगीत चित्र साध्या कारागिराच्या घरात पोहोचू लागले. आपल्याकडे पुढच्या शतकात पुण्याच्या चित्रशाळेने आणि रविवर्म्याच्या छापखान्याने देवादिकांची चित्रे जशी माजघरात नेली, काहीसे तसेच; फरक एवढाच की एदोच्या भिंतीवर देवांपेक्षा नट, सुंदऱ्या आणि ऋतू अधिक होते.

कविमंडळांची ही साथ पुढेही सुटली नाही. १७८८ साली त्सुताया जुझाबुरो या चाणाक्ष प्रकाशकाने कितागावा उतामारोकडून किड्यांचे एक चित्रपुस्तक काढून घेतले. त्यात पंधरा चित्रे आहेत, प्रत्येकात दोन-दोन जीव, आणि प्रत्येक जिवावर एक ‘क्योका’, म्हणजे विनोदी अंगाने लिहिलेली एकतीस अक्षरी कविता. शरदातल्या रात्री सुमिदा नदीच्या काठी बसून किडे ऐकणाऱ्या कवींची मैफल, अशी त्या पुस्तकाची मांडणी आहे. किडे ऐकणे हा एदोच्या लोकांचा खराखुरा शौक होता. पिंजऱ्यातले किडे विकणारे फेरीवाले होते. दोकान टेकडी ही किडे ऐकायला जाण्याची नामांकित जागा होती, आणि हिरोशिगेने तिचेही चित्र काढलेले आहे. एका किड्याचे नाव ‘सुझुमुशी’, म्हणजे घुंगुरकिडा; दुसऱ्याचे ‘मात्सुमुशी’, म्हणजे पाइनकिडा, किंवा तुम्हांला हवे तर वाट पाहणारा किडा. उतामारोच्या पुस्तकातल्या कविता प्रेमाच्या आहेत आणि बऱ्याचशा चावट आहेत. खाली मात्र टोळाच्या पायावरचे काटे आणि चतुराच्या पंखांच्या शिरा अशा काही निगुतीने उतरवलेल्या आहेत की कविता थट्टा करते आहे आणि चित्र गंभीर आहे, अशी विलक्षण जुगलबंदी होते. मी ते पुस्तक पडद्यावरच पाहिले आहे. तरीही पाने उलटताना खोलीतला पंखा बंद करावासा वाटला.

आता पावसाच्या रेघांकडे परत येतो. त्या कशा उमटतात हे मला अनेक वर्षे ठाऊक नव्हते आणि ठाऊक झाल्यावर मी थोडा घाबरलो. जपानी ठसाचित्र हे चार जणांचे काम असते. चित्रकार पातळ कागदावर रेखाटन करतो. ते रेखाटन रानचेरीच्या कठीण, दाट पोताच्या फळीवर उलटे चिकटवतात, आणि कोरणारा कागदासकट लाकूड कोरतो; म्हणजे ठसा तयार होताना मूळ रेखाटन संपते. नंतर प्रत्येक रंगासाठी वेगळी फळी. छापणारा कोझोच्या, म्हणजे कागदी तुतीच्या सालीच्या, दमट केलेल्या कागदावर एकामागून एक फळ्या उतरवतो. कागद दरवेळी नेमका त्याच जागी बसावा म्हणून फळीच्या कोपऱ्यात एक काटकोनी आणि कडेला एक सरळ खाच असते. यंत्र नाही, दाबपट्टी नाही. फळीवर कुंचल्याने पाण्यातला रंग आणि तांदळाची खळ पसरायची, कागद ठेवायचा आणि पाठीमागून ‘बारेन’ने घासायचे. बारेन म्हणजे बांबूच्या पापुद्र्यांच्या दोरीचे वेटोळे, वर पापुद्र्याचेच वेष्टन, मुठीत मावणारी चकती. चौथा माणूस प्रकाशक. पैसे त्याचे, जोखीम त्याची आणि पुष्कळदा कल्पनाही त्याचीच.

यात पाऊस कोरायचा म्हणजे काय करायचे? लाकडात रेघ ओढली की ती छापताना पांढरी उमटते, कारण तिथे खड्डा असतो. काळी रेघ हवी असेल तर रेघ सोडून तिच्या दोन्ही बाजूंचे लाकूड काढून टाकावे लागते. कारासाकीच्या चित्रातली प्रत्येक सर ही चेरीच्या लाकडाची केसाएवढ्या रुंदीची उभी भिंत आहे. अशा शेकडो भिंती, एकमेकींना न टेकता, न तुटता, वरपासून खालपर्यंत. कोरणाऱ्याचा हात एकदा शिंकेने हलला तर पाऊस तिथे थांबणार. १८५७ साली हिरोशिगेने शिन-ओहाशी पुलावरची प्रसिद्ध सर काढली तेव्हा पावसासाठी दोन फळ्या वापरल्या गेल्या आणि दोन्हींवरच्या रेघांचा कोन किंचित वेगळा ठेवला गेला; म्हणून त्या चित्रातला पाऊस सपाट पडद्यासारखा वाटत नाही, त्याला पुढचा आणि मागचा पदर येतो. छपाई वाढत गेली की या बारीक कडा झिजतात. उशिराच्या प्रतींत पाऊस जाडाभरडा होतो, मध्येच तुटतो. जाणकार लोक प्रत जुनी की नंतरची हे ओळखताना अशा खुणा पाहतात, असे वाचल्यावर मला वाटले की पावसाचे वय मोजणारे हे जगातले एकमेव लोक असावेत.

तारुण्यात मुद्राचित्रणाच्या एका संध्याकाळच्या वर्गाला मी काही महिने जात असे. तिथे पावसाचे चित्र करण्याचा हट्ट धरून मी प्लायवूडच्या तुकड्यावर वीस-बावीस सरी कोरायला बसलो. प्लायवूडला पदर सुटतात, हे मला आधीच सांगण्यात आले होते. तिसऱ्या संध्याकाळपर्यंत माझ्या बावीसपैकी सात सरी शिल्लक होत्या आणि डाव्या अंगठ्याला पटाशी लागलेली होती. त्या सातही पुढे छापताना दबून गेल्या आणि कागदावर जे उमटले त्याला शिक्षकांनी सौम्यपणे ‘कुंपण’ असे नाव दिले. त्या वर्गातली एक गोष्ट मात्र मला टिकाऊ मिळाली. बारेनऐवजी आम्ही लाकडी चमचा वापरत होतो, आणि सगळे जण एकाच वेळी कागदाची पाठ घासू लागले की खोलीत एक सलग, बारीक सळसळ भरून राहत असे. डोळे मिटले तर बाहेर पाऊस लागला आहे असे वाटावे. एदोतल्या छापणाऱ्याच्या कानांत रात्रीचा पाऊस छापताना काय वाजत असेल, हे मला त्या दिवसापासून माहीत आहे असे मी समजून चालतो.

हिरोशिगेने फुला-पाखरांची जी चिंचोळी उभी चित्रे केली त्यांतले एक येथे आठवल्याशिवाय राहवत नाही. निळ्या रात्रीत चौकटीत न मावणारा मोठा पूर्णचंद्र, त्याच्यासमोरून खाली झेपावणारे तीन रानहंस, आणि कडेला सतरा अक्षरांचा हायकू: अशी रात्र पुन्हा कधी येईल का? चंद्र आणि रानहंस. १९४९ साली जपानने या चित्राचे टपाल तिकीट काढले आणि संग्राहकांत ते अजून मिरवते. शिरीष पै यांच्यामुळे हायकूशी ओळख झालेल्या मराठी वाचकाला या ओळीत काय चालले आहे हे सांगायला नको. प्रश्न विचारून कवी बाजूला झाला आहे आणि उरलेल्या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून दिल्या आहेत. चित्रानेही तेच केले आहे. चंद्राच्या वर्तुळाची कड हंसांच्या पंखांनी मोडते, आणि त्या मोडण्यातून थव्याचे ओरडणे ऐकू येते. कविता चित्राचे वर्णन करत नाही, चित्र कवितेचा अर्थ सांगत नाही. दोघेही एकाच ओट्यावर बसून एकाच दिशेला पाहत आहेत.

होकुसाईचा स्वभाव याच्या अगदी उलट. १८३५-३६च्या सुमारास, पंचाहत्तरी उलटलेली असताना, त्याने ‘शंभर कवींच्या शंभर कविता, दाईने समजावून सांगितलेल्या’ या नावाची मालिका हाती घेतली. तेराव्या शतकात फुजिवारा नो तेइकाने निवडलेल्या या शंभर कविता जपानी घरांत पाठ असतात. नववर्षाला त्यांच्या पत्त्यांचा खेळ होतो, वाचणारा कवितेची सुरुवात म्हणतो आणि खेळणारे उरलेल्या ओळींचा पत्ता झडप घालून उचलतात. तोही कानांचाच खेळ. होकुसाईने या दरबारी कविता एका खेडवळ दाईच्या तोंडी दिल्या. हितोमारो म्हणतो की डोंगरी तितराच्या लोंबत्या शेपटीसारखी लांबच लांब रात्र मला एकट्याने काढायची आहे. दाईला दिसतात ते दोराने जाळे ओढणारे कोळी, आणि शेकोटीचा लांबच लांब नागमोडी धूर. सम्राज्ञी जितो म्हणते की वसंत सरला, उन्हाळा आला, कागू डोंगरावर शुभ्र वस्त्रे वाळत आहेत. दाईला दिसतात ती धुतलेल्या कापडाचे ओझे वाहून नेणारी माणसे. विरह हरवतो, राजेपण हरवते, आणि त्यांच्या जागी घाम, दोर, टोपल्या, हाका येतात. एका समीक्षकी सवयीने मी आधी याला विडंबन म्हणत होतो. आता म्हणवत नाही. जी कविता खऱ्या अर्थाने सर्वांची झालेली असते तिचे असेच होते. जात्यावर बसलेली बाई ओवी म्हणते तेव्हा तिच्यातल्या रुक्मिणीचा संसार तिच्या स्वतःच्या शेजारणीच्या संसारासारखाच असतो.

या मालिकेची नियती मात्र चटका लावणारी आहे. शंभरांपैकी सत्तावीसच चित्रे छापून झाली. मधेच प्रकाशक बदलला, देशात तेनपो काळातला मोठा दुष्काळ चालू होता, आणि काम थांबले. पण होकुसाईने पुढची रेखाटने करून ठेवली होती आणि त्यांतली साठाहून अधिक आज उपलब्ध आहेत. कारण उघड आहे. जी चित्रे पुरी झाली त्यांची रेखाटने कोरणाऱ्याच्या पटाशीखाली गेली; जी अपुरी राहिली त्यांचीच मूळ शाई वाचली. होकुसाईच्या हाताची या मालिकेतली खरी रेघ पाहायची असेल, तर जे कधी छापले गेले नाही तेच पाहावे लागते.

दोघांत मला अधिक जवळचा कोण, हे विचारण्याची कोणाला गरज नाही. होकुसाईच्या चित्रांत आवाज असतो. हिरोशिगेच्या चित्रांत ऐकणे असते. हिरोशिगेचा जन्म १७९७ साली एदोच्या अग्निशमन दलातल्या एका सामुराई घराण्यात झाला. १८०९ साली आई आणि वडील दोघेही वारले आणि बारा-तेरा वर्षांच्या त्या मुलाकडे वडिलांची नोकरी आली. लाकूड-कागदाच्या त्या शहरात आगीचा धोका रोजचा होता आणि आगीची वर्दी घंटेच्या टोल्यांवरून मिळत असे. टोले सावकाश पडले तर आग लांब, घाईघाईने पडले तर जवळ. रात्रीच्या अंधारात अंतर कानांनी मोजायला शिकलेला हा मुलगा पुढे सांजघंटेचे आणि रात्रीच्या पावसाचे चित्र काढतो, हा निव्वळ योगायोग असेलही. चरित्रकारांनी यावर भर दिलेला मी वाचलेला नाही, आणि मीही त्यावर इमारत उभी करणार नाही. पण पोस्टकार्डाकडे पाहताना ते मनात येते.

त्याने ही ठिकाणे प्रत्यक्ष पाहिली होती का, असा वाद अभ्यासकांत आहे. एदोहून क्योतोला जाणाऱ्या तोकाइदो रस्त्यावरच्या त्रेपन्न मुक्कामांची मालिका त्याने १८३३-३४ मध्ये केली ती स्वतः प्रवास करून, असे पूर्वी सांगत. आता अनेकांना ते पटत नाही, कारण काही दृश्ये छापील प्रवासवर्णनांतल्या चित्रांवरून घेतलेली दिसतात. कानबारा या मुक्कामाचे गुडघाभर बर्फातले रात्रीचे चित्र त्या मालिकेचा मुकुटमणी मानले जाते, आणि कानबारा हा समुद्रकाठचा असा उबदार भाग आहे की तिथे क्वचितच हिम पडते. मला यात खोटे काही वाटत नाही. ज्या परंपरेत शियांग नदीचा पाऊस बिवाच्या काठावर पाडता येतो, त्या परंपरेत कानबाराला एक रात्र बर्फ पडले तर बिघडले कुठे? त्या चित्रातली तीन माणसे मान खाली घालून चालली आहेत आणि त्यांच्या पावलांचा आवाज येत नाही. तेवढ्यासाठीच बर्फ आहे.

१८८७ साली पॅरिसमध्ये व्हॅन गॉखने हिरोशिगेच्या पुलावरच्या पावसाची तैलरंगात नक्कल केली. त्याने भोवती एक रुंद चौकट घातली आणि तीत दुसऱ्या चित्रांवरून उतरवलेली जपानी अक्षरे भरली. त्याला ती वाचता येत नव्हती. त्याच्या दृष्टीने ती वेलबुट्टी होती. त्या चित्रावर माझे प्रेम आहे, तरी त्यात अक्षरे आहेत आणि शब्द नाहीत ही खंत आहेच, आणि पोस्टकार्डावरच्या चौकोनाकडे मीही कितीतरी वर्षे याच नजरेने पाहत होतो.

१६८५ साली, म्हणजे हिरोशिगेच्या कितीतरी आधी, हायकूकार बाशो ओमीत आला होता आणि त्याने लिहिले होते: कारासाकीचा पाइन फुलांहून धूसर, आणि... त्या हायकूचा शेवट खरोखरच असा अर्धवट सुटलेला आहे, आणि त्यावरून त्याच्या शिष्यांत चर्चा झडली. बाशोने पाहिलेले झाड, हिरोशिगेने काढलेले झाड आज नाही. ते दुसऱ्या पिढीचे होते आणि १९२१ मध्ये वाळले. आज कारासाकीच्या मंदिराच्या आवारात उभे आहे ते तिसऱ्या पिढीचे. मात्र दूर कानाझावा शहरातल्या केनरोकुएन उद्यानात आणखी एक ‘कारासाकीचा पाइन’ आहे. एकोणिसाव्या शतकात तिथल्या माएदा घराण्याच्या तेराव्या अधिपतीने कारासाकीहून बी मागवून तो लावला. कानाझावाचे हिम जड आणि ओले असते, त्याच्या भाराने फांद्या मोडतात. म्हणून दरवर्षी १ नोव्हेंबरला माळी याच झाडापासून कामाला सुरुवात करतात. खोडालगत उंच खांब उभारतात आणि त्यांच्या शेंड्यांपासून एकेका फांदीपर्यंत गवताचे शेकडो दोर ताणून बांधतात. हिम पडण्याआधीचे त्या झाडाचे एक छायाचित्र माझ्याकडे आहे. संध्याकाळची वेळ आहे, झाड काळे पडले आहे, आणि वरून खाली सरळ, बारीक, दाट रेघा उतरल्या आहेत. ते मी पोस्टकार्डाच्या शेजारी लावले. मागच्या आठवड्यात आलेल्या पाहुण्यांनी विचारले, हा दुसरा पाऊस कुठला?